दिवे कुणाचे?

मी गाणी लिहिते असं म्हटलं की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो. कुठल्या सिनेमात, असं विचारतो. मग मला सांगावं लागतं की माझी गाणी रिक्षावर वाजतात. निवडणूक लागली की टपावर भोंगा बांधलेल्या रिक्षा गल्लीगल्लीतून फिरतात आणि ‘येणार येणार, ताईच येणार’ असलं काहीतरी ऐकवून तुमची दुपारची झोप मोडतात. ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. मीरा-भाईंदरमध्ये त्यातलं थोडंफार माझं आहे.

या अंकासाठी ‘कामाचे अनुभव’ लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपलं वय किती, आपण बोलणार काय. मी अजून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण बारावीपासून हेच काम करतेय, आणि त्यात जे पाहिलं ते कुठल्या पेपरात लिहायला मिळणार नाही, म्हणून लिहितेय.

पप्पा जालन्याकडून आले आणि नवघरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागले. ते आणि त्यांचे चार मित्र जयंतीला गायन पार्टी घेऊन बसायचे. पेटी, ढोलकी, कोरस. चाल बहुतेक वेळा सिनेमाचीच असायची, शब्द मात्र स्वतःचे. शाळेत असताना एखादा शब्द अडला की पप्पा मला हाक मारायचे आणि मी जुळवून द्यायचे. माझं सगळं शिक्षण म्हणाल तर तिथलं. पुढे पप्पांच्या पेटीवाल्याने माझी ओळख डॉमनिक अंकलशी करून दिली.

डॉमनिक अंकल उत्तनचे. चर्चमध्ये की-बोर्ड वाजवतात, लग्नात वाजवतात, आणि भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. भिंतींना आवाज शोषणाऱ्या फोमऐवजी जुन्या गोधड्या ठोकलेल्या आहेत. एक मांजर आहे, ती नेमकी मिक्सरवर झोपते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच घुटमळत उभी होते. ते म्हणाले, “येस गो, आत ये. इथं कुणी खात न्हाय तुला. खाल्लं तर मांजर खाईल.”

आमच्या कामाची पद्धत साधी आहे. उमेदवार येतो आणि एखाद्या गाजलेल्या गाण्याचं नाव सांगतो. तीच चाल जशीच्या तशी घेतली तर मोबाइलवर टाकलेलं गाणं मूळ गाण्याची कंपनी काढून टाकायला लावते, म्हणून अंकल त्या चालीच्या शेजारून जाणारी चाल बांधतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे कुठंतरी ऐकलंय. मग मी शब्द लिहिते. उमेदवाराचं नाव कुठे बसतं हे आधी बघायचं. ‘सीमाताई’ कुठेही बसते. ‘चंद्रशेखर भाऊ’साठी चाल फोडावी लागते.

आणि डमी. खरे शब्द लिहून व्हायच्या आधी गायकाला चाल शिकवावी लागते. कुठे श्वास घ्यायचा, कुठे ठोका पडतो, हे त्याला कळायला हवं. त्यासाठी कुठलेही शब्द भरून मी माझ्या आवाजात एक कच्चं गाणं रेकॉर्ड करते. ‘चहा घ्या भाऊ, बिस्कीट घ्या भाऊ, पंखा लावा, उकडतंय भाऊ’, असं काहीही. गायक ते ऐकतो, चाल पाठ करतो, आणि मग ते पुसून टाकायचं. डमी स्टुडिओच्या बाहेर जात नाही. हा एकच नियम आमच्याकडे कडक आहे, किंवा होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. पूनम सागरमधले एक गुजराती काका आले होते, त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या निवडणुकीसाठी. विरोधक एकच होता, त्यांचाच शेजारी. “बेटी, लिफ्ट का लिखो, टंकी का लिखो, पर थोडा इमोशन डालो,” म्हणाले. मी विचारलं, टाकीत इमोशन कसं घालू? ते खूप विचार करून म्हणाले, “रात को पानी जाता है ना, तब जो होता है, वो.” आम्ही ते गाणं केलं. सोसायटीच्या गेटवर वाजवलं. काका निवडून आले आणि पहिल्याच मीटिंगमध्ये गेटवर गाणी वाजवायला बंदी केली.

पण जास्त करून येतात ते शेर. हे सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण कॉलेजातल्या मैत्रिणी मला जुन्या वळणाची म्हणून हसतात. पण लिहितेच. गेल्या काही वर्षांत जो उमेदवार येतो त्याला शेर, वाघ, बॉस, किंग व्हायचं असतं. सिनेमातला नायक पूर्वी चांगला माणूस असायचा, आता तो ज्याला सगळे घाबरतात असा असतो. गाडीचं दार हळूहळू उघडतं, बूट जमिनीवर टेकतो, मागे धूर. पुढाऱ्यांना वाटतं, लोकांना हेच हवंय. कदाचित लोकांना हवंही असेल, मला नक्की सांगता येणार नाही. मला एवढंच वाटतं की ज्याला आपण मत देतो त्याच्यासमोर भीतीने नाही, तर थोडं लाजून आपण नीट उभं राहावं. असा माणूस पुढारी असावा. हे जुनाट असेल तर असू दे.

करण हा त्या शेरांपैकी. शांती नगरला त्याचं मोबाइलचं दुकान, वय तिशीचं, आमच्याच प्रभागातून पहिल्यांदा उभा राहत होता. बराच काळ लांबलेली महापालिकेची निवडणूक एकदाची लागली तेव्हाची ही गोष्ट. स्टुडिओत येताच तो अंकलच्या पाया पडला. मला ‘मॅडम, आपण बसा ना’ म्हणाला. आणि मग मोबाइलवर स्वतःचं रील दाखवलं, त्यात तो काळा चष्मा लावून दहा-बारा पोरांच्या पुढे चालत होता आणि कुणाकडे तरी बोट रोखत होता.

“कुणाकडे बोट दाखवताय?” मी विचारलं.

“कुणाकडेच नाही. कॅमेऱ्याकडे. असं करतात.”

त्याला ‘शेर आला, शेर आला’ असं गाणं हवं होतं. मी लिहीत होते तेवढ्यात मांजर मिक्सरवरून उतरून त्याच्या पायाशी आली. करणने झटकन पाय वर घेतले आणि तो खुर्चीवर मांडी घालून बसला.

“अंकल, ही बाहेर जाईल का जरा?” तो हळूच म्हणाला. “मला लहानपणापासून… होतं.”

अंकलनी मांजर उचलून बाहेर ठेवली. तो गेल्यावर म्हणाले, “पोरगा वंगाळ न्हाय गो. कुणीतरी त्याला सांगितलंय की वंगाळ दिसलं पाहिजे.” मलाही तेच वाटलं. घरात मोठ्यांच्या पाया पडणारा मुलगा रीलमध्ये गुंड होऊ बघतो, याचं मला हसू येत नाही, वाईट वाटतं.

त्याच प्रभागातून रघुभाऊ उभे होते. सत्तरीचे रघुभाऊ जुन्या नवघर गावातले, आमच्या घरामागे त्यांची पिठाची गिरणी आहे. आधी ते नगरसेवक होते. गिरणीत दळण घेऊन गेलं की भाऊ आधी आपल्याला नखशिखान्त न्याहाळतात. पोरांना केसांवरून बोलतात, शर्ट बाहेर असला तर बोलतात, गाडीवर तिघं दिसले तर गिरणी सोडून रस्त्यात येतात. दारूला हात लावत नाहीत. दहानंतर डीजे वाजला तर स्वतः जाऊन वायर काढतात, मग तो त्यांच्याच पक्षाचा का असेना. तरुण पोरं त्यांना टाळतात. पण कुणाचं मयत झालं की खांदा द्यायला सगळ्यांच्या आधी भाऊ.

त्यांना स्टुडिओत घेऊन आला त्यांचा मुलगा निलेश. त्याचं इस्टेट एजंटचं ऑफिस आहे आणि प्रचाराचं सगळं तोच बघत होता.

“अंकल, करणपेक्षा भारी पाहिजे. त्याचा शेर आहे ना, आपला डबल शेर,” निलेश म्हणाला.

भाऊ कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसले होते. शाळेत पालकांना बोलावल्यावर बसतात तसे. ते म्हणाले, “अरे, मी शेर कुठं हाय? मना मधुमेह हाय.”

“पप्पा, प्लीज. जमाना बघा.”

भाऊंना ते आवडलं नव्हतं, पण मुलगा राबत होता म्हणून मान डोलावली. मला त्यांचा तो चेहरा बरा वाटला नाही.

चाल तयार झाली. डमी करायला मी माइकसमोर उभी राहिले. नेहमीसारखं चहा-बिस्कीट गायला तोंड उघडलं, पण समोर भाऊच दिसत होते, आणि लहानपणापासून कानावर पडलेलं तेच बाहेर आलं:

‘शर्ट खोच आत, भाऊ बोलतात,
केस काप आधी, मग ये दारात.
गाडीवर तिघं का, भाऊ बोलतात,
बापाला सांगू का, भाऊ बोलतात.
सभेत बसल्या-बसल्या भाऊ डुलतात,
मयताला सगळ्यांच्या आधी पोचतात.’

आणि मग सवाल-जवाबासारखी ओळ, कारण त्या जागी चालीत दोनदा ठोका होता:

‘शाळेच्या वाटेला दिवे कुणाचे?
रघुभाऊंचे, रघुभाऊंचे!’

या दिव्यांचं सांगायला हवं. आमच्या शाळेची वाट पूर्वी मिठागराच्या कडेने जायची आणि तिथे अंधार असायचा. थंडीत दुपारची शाळा सुटायची तेव्हा आम्ही मुली घोळक्याने पळत घरी यायचो. मग एके वर्षी तिथे दिवे लागले. खांबाजवळ दगडी बोर्ड आहे, त्यावर भाऊंचं नाव आहे. माझ्यासाठी भाऊ म्हणजे ते दिवे. मी त्यांच्याबद्दल मनापासून गायले असेन तर ती ओळ.

अंकल हसत सुटले. “हेच ठेवूया काय?” म्हणाले, पण ते गंमतीत. त्यांनी ते एका पेन ड्राइव्हवर घातलं. आमचा गायक विरारला राहतो, त्याचा घसा बसला होता. पेन ड्राइव्ह त्याच्याकडे पोचवायचा, तो घरी चाल बसवेल आणि घसा सुटला की डबल शेर गाईल, असं ठरलं. निलेशने न्यायला रिक्षावाला पाठवला. त्या रिक्षावाल्याला कुणी विरारचं सांगितलंच नाही. त्याच्या टपावर भोंगा होता, हातात गाण्याचा पेन ड्राइव्ह आला, त्याने तो लावला. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

रविवार होता. मी भाजी निवडत होते आणि खालून माझाच आवाज आला. ‘शर्ट खोच आत.’ स्वतःचा आवाज भोंग्यातून असा अचानक ऐकला की तो आपला वाटतच नाही, कुणीतरी आपली चोरी सांगतंय असं वाटतं. पप्पा खिडकीत उभे होते. रिक्षा लांब गेली तसे ते वळले.

“तू आहेस ना ही?” मग म्हणाले.

“पप्पा, ते डमी आहे. चुकून…”

“इतकी गाणी लिहिलीस, पण ओळखीच्या माणसावर पहिल्यांदाच लिहिलंस,” ते म्हणाले. मला ते कौतुक आहे की नाही तेच कळेना. तोवर निलेशचा फोन आला होता.

“काय केलंत हे? डुलतात? भाऊ डुलतात? पूर्ण इमेज खल्लास! व्हॉट्सअॅपवर फिरतंय, पोरं नाचतायत त्याच्यावर. करणची माणसं पण शेअर करतायत. हरलो ना आम्ही तर…” आणि फोन कट झाला.

पोरं नाचत होती हे खरं होतं. रिक्षामागे पळत होती, एकमेकांचे शर्ट खोचत होती, आणि ‘दिवे कुणाचे’ आलं की गळा फाडून ओरडत होती, ‘रघुभाऊंचे!’ बायका गॅलरीतून हसत होत्या. ते हसणं कसलं होतं, आपल्या माणसाला हसतात तसं की खिल्ली उडवतात तसं, मला ठरवता येत नव्हतं. आणि सगळं त्यावरच होतं. त्या वयाच्या माणसाची ही शेवटची निवडणूक असणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात मी त्यांचं हसं केलं असेल, तर ते परत घेता येणार नव्हतं.

चर्चमधून अंकल आले तसे आम्ही दोघं गिरणीवर गेलो. निलेश तिथेच होता. भाऊंनी पट्टा थांबवला, हात झटकले.

“हे तूच गायलीस ना गं बाय?”

मी हो म्हटलं. माफी मागायला वाक्य तयार करून नेलं होतं, ते म्हणायच्या आतच भाऊ बोलले.

“आवाज ओळखला. दळणाला यायची तेव्हा पण असंच तोंडातल्या तोंडात बोलायची.” ते स्टुलावर बसले. “सगळं ऐकलं मी. तीनदा आली रिक्षा.”

“भाऊ, आम्ही आत्ता बंद करतो. नवीन उद्या देतो,” अंकल म्हणाले.

“ते डुलतात म्हणून लिहिलंय…” मी सुरुवात केली.

“डुलतो ते राहू दे. सभेत डोळा लागतो माझा, सगळ्यांनी बघितलंय. खोटं कसं बोलणार?” भाऊ म्हणाले. “पण त्यात एक खोटं हाय. दिवे माझे न्हाय.”

आम्हाला कळेना. निलेशलाही कळेना.

“लीलाबाईंचे हायत. माझ्या आधी त्या नगरसेविका होत्या ना. त्यांनी मंजूर करून आणले, खड्डे पण त्यांनीच खणून घेतले. मग निवडणूक झाली, त्या पडल्या, मी आलो. खांब उभे राहिले तेव्हा मी नारळ फोडला. एवढंच माझं काम.”

“पप्पा, बोर्डावर तुमचं नाव आहे,” निलेश म्हणाला.

“लावू दिलं मीच. तेव्हा बरं वाटलं.” भाऊंनी मांडीवरचं पीठ झटकलं. “बोर्ड कोण वाचतो रे? दगड हाय, पडून असतो. पण हे गाणं पोरं म्हणतायत. पोरांच्या तोंडात एकदा बसलं की तेच खरं होतं. ती मोठी होऊन पण तेच सांगतील.”

“मग ती ओळ काढूया,” मी म्हणाले.

“काढायची न्हाय. बदलायची. त्यांचं नाव घाल. बसतंय ना चालीत?”

बसत होतं. ‘रघुभाऊंचे’च्या जागी ‘लीलाबाईंचे’ अगदी नीट बसत होतं, आणि मला त्या क्षणी ते बसू नये असं वाटत होतं, कारण निलेशचा चेहरा बघवत नव्हता.

“पप्पा, त्यांच्या पक्षाचा पण उमेदवार उभा आहे. आपण आपल्या रिक्षातून त्यांचा प्रचार करायचा? लोक एकाच लाइनवर ओरडतायत आणि तीच लाइन तुम्ही देऊन टाकताय?”

“म्हणूनच.”

“आणि हरलो तर?”

“तर हरलो,” भाऊ म्हणाले. “तुझ्या त्या शेराने जिंकलो तर घरात आरशात कुणाला बघायचं मी?”

निलेश उठून बाहेर गेला. मला त्याचाही राग आला नाही. बापाला जिंकवायला तो दिवसरात्र धावत होता, आणि बाप ऐकत नव्हता.

भाऊ माझ्याकडे वळले. “आधी त्यांना विचारून ये. कुणाचं नाव घ्यायचं तर विचारायला पाहिजे. मी गेलो तर दार उघडणार न्हाय. तू जा.”

लीलाबाई शाळेजवळच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. गुडघ्यांमुळे आता खाली उतरत नाहीत. मी सगळं सांगितलं, मध्ये दोनदा अडखळले. त्या ऐकत होत्या आणि लसूण सोलत होत्या.

“रघूला आत्ता आठवलं?” शेवटी त्या म्हणाल्या. “बोर्ड लागला त्या दिवशी मी त्या रस्त्याने बाजारात गेले नाही. मग बरेच महिने गेलेच नाही, लांबून जायची.”

त्यांनी लसणाची पुढची पाकळी उचलली.

“गाऊन दाखव.”

मी नवीन ओळ गायले. गाताना त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. लसणाचा आवाज थांबला होता एवढं कळलं.

“चोरी केल्यासारखी काय गातेस?” त्या म्हणाल्या. “मोकळा सोड आवाज. माझं नाव आहे त्यात.” मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “घाल नाव. आमचे लोक मला ओरडतील, ओरडू दे. आणि रघूला सांग, दिवे माझे, पण त्यातला एखादा गेला की शिडी धरून उभा तोच राहायचा. ते पण घाल.”

“ते चालीत बसणार नाही, आजी.”

“मग तसंच सांग त्याला. आणि मत मी माझ्याच पक्षाला देणार. ते सांगू नकोस, त्याला माहीत आहे.”

नवीन गाणं मीच गायले, भाऊंचा तसा आग्रह होता. डबल शेर झालाच नाही. रिक्षा फिरू लागल्या तेव्हा पहिले दोन दिवस मोठा गोंधळ. भोंगा विचारायचा, ‘दिवे कुणाचे?’ पोरं सवयीने ओरडायची, ‘रघुभाऊंचे!’, आणि भोंगा शांतपणे सांगायचा, ‘लीलाबाईंचे.’ पोरं थांबायची, एकमेकांकडे बघायची. एका आईला मी स्वतः मुलाला सांगताना ऐकलं, लीलाबाई कोण ते.

भाऊ हरले. थोडक्यात नाही, चांगले हरले. त्यात गाण्याचा वाटा किती हे मला ठाऊक नाही. निलेश म्हणतो, गाण्यानेच घालवलं. पप्पा म्हणतात, नव्या बिल्डिंगांमधल्या लोकांना भाऊ माहीतच नव्हते. लीलाबाईंच्या पक्षाचाही माणूस पडला. निवडून आला करण. भाऊंच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही, पण निकालानंतर काही दिवस गिरणी बंद होती. चांगलं वागलं की चांगलंच होतं असं काही नाही, हे मला तेव्हा कळलं. खूप दिवस जीव लागत नव्हता कामात. हे काम सोडावं असंही वाटलं.

मग विजयाच्या गाण्यासाठी करण आला. पुन्हा पाया पडला. मांजर अंकलनी आधीच बाहेर ठेवली होती. या वेळी त्याने चष्मा लावला नव्हता.

“मॅडम, ते भाऊंचं गाणं होतं ना,” तो म्हणाला. “दिव्यांचं. तसली एखादी लाइन माझ्यासाठी पण लिहा ना. लोक अजून बोलतात त्याच्याबद्दल. माझ्या दुकानात येऊन बोलतात, माझ्या तोंडावर.”

मी धीर करून विचारलं, “तसली ओळ लिहायची तर तुमच्या नावावर असलेलं दुसऱ्याचं काम लागेल. आहे काही?”

तो हसला, मग त्याच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये. “विचार करून सांगतो,” म्हणाला आणि गेला. अंकल माझ्याकडे बघून म्हणाले, “गेला गो गिऱ्हाईक.” पण दहा मिनिटांनी तो जिना चढून परत आला. दारातच उभा राहिला.

“तलावाचा कट्टा,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे माझ्या हातून. पण तो भाऊंनीच मंजूर करून घेतला होता. नगरसेवक नव्हते तरी ऑफिसात जाऊन-जाऊन. मला फाइल बघताना कळलं.”

“मग घालू नाव?” मी विचारलं.

तो दाराच्या कडीशी चाळा करू लागला.

“घाला,” तो म्हणाला. “पण शेवटच्या कडव्यात घाला, मॅडम. तिथपर्यंत कोण ऐकतंय?”

मी तसंच केलं. गिऱ्हाइकाचा शब्द मोडायचा नसतो. गाण्याच्या पहिल्या तीन कडव्यांत शेर आहे, किंग आहे, धूर आहे. चौथ्यात तलावाचा कट्टा आहे आणि रघुभाऊ आहेत. गल्लीतून रिक्षा भुर्रकन जाते, तेव्हा लोकांना शेरच ऐकू येतो, हे करणचं बरोबर आहे. पण गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा अडकते तेव्हा गाणं पार शेवटपर्यंत वाजतं. आणि आपल्याकडे ती रोज अडकते.